कोमट पन्हं

सदाशिव पेठेतल्या चिंचेच्या बोळात चिंच नाही. ती कुणी तोडली यावर बोळात दोन तट आहेत, आणि ते तट एकमेकांच्या घरी वास्तुशांतीलासुद्धा जात नाहीत. चिंचेऐवजी आता तिथे सहा इमारती, दातांचा एक दवाखाना, मुलांची एक अभ्यासिका आणि त्या अभ्यासिकेत शिरण्याआधी जिथे अभ्यास विसरावा अशी स्कुटरींची दाटी आहे. आणि तिसऱ्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गोपाळकृष्ण खांबेटे आहेत.

खांबेट्यांना बोळात खांबेटे म्हणत नाहीत. 'आभार' म्हणतात. "आभार आत्ताच दळण घेऊन गेले." "आभारांकडे पाणी आलं का बघ, मग आपला नळ सोड." हे सगळं अर्थात पाठीमागे. समोर आले की लगेच 'गोपाळराव', 'काका'. पुण्यात नाव ठेवण्याची रीत आहे, ते ऐकू जाऊ देण्याची नाही. पण गोपाळरावांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून थोडं आवडतही होतं. आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलेल्या माणसाला दुसरं कुठलं बिरुद मिळणार? आलेल्या कागदाची पोच द्यायची, एवढंच त्यांनी जन्मभर केलं. आभार मानणं म्हणजे तरी दुसरं काय? आलेल्याची पोचच ती.

बोळात दर चैत्रात तीन संध्याकाळी उत्सव होतो. पहिल्या दिवशी व्याख्यान, दुसऱ्या दिवशी मुलांच्या स्पर्धा आणि बायकांची गाणी, तिसऱ्या दिवशी झोपाळ्यात बसलेली चैत्रगौर, बक्षीससमारंभ आणि शेवटी आंब्याची डाळ नि पन्हं. गर्दी तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. ती गौरीच्या भक्तीपोटी होते असं म्हणायचं असेल तर म्हणावं; डाळीचं पातेलं मात्र गौरीच्या आरतीपेक्षा लवकर संपतं. आणि या तिसऱ्या दिवशी, बक्षिसं संपल्यावर आणि पन्हं सुरू होताना, व्यासपीठावर उभं राहून आभार मानायचे, हे काम गोपाळरावांकडे. लग्न झालं त्या वर्षापासून.

ते काम त्यांच्याकडे आलं कसं, याची कथाही त्यांच्यासारखीच साधी. त्यांना खरं म्हणजे नाटकात काम करायचं होतं. बोळानं बसवलेल्या नाटकात त्यांना एकदा पालखीच्या भोयाचं काम मिळालं; तालमीत त्यांच्या बाजूनं पालखी कलली आणि राजा खाली आला. तिथे नाटक संपलं. गाणं त्यांच्या घराण्यात नव्हतं, देणगी त्यांच्या पगारात नव्हती. मग एका वर्षी आभार मानणारे गृहस्थ ऐनवेळी पोट धरून घरी गेले आणि कुणीतरी म्हणालं, "खांबेट्या, तू रिकामाच आहेस, चढ वर." गोपाळराव चढले ते उतरलेच नाहीत. पुण्यात आभारप्रदर्शन हा काही चलतीचा धंदा नव्हे. स्पर्धा नव्हतीच.

त्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातून एक चूक झाली. मांडववाल्याचे आभार मानले, पाहुण्यांना चहा दिल्याबद्दल आपल्या पत्नीचे मानले आणि मग पन्ह्यासाठी कैऱ्या देणाऱ्या वाण्याचे मानले. नवी नवरी, बोळात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गोपाळराव खुशीत घरी आले. सत्यशीलाबाई स्वयंपाकघरात पाठ करून उभ्या.

"मी काय भाड्यानं आणलेय का?" त्या म्हणाल्या.

"अगं, काय झालं?"

"मांडववाला, मी आणि वाणी. त्या दोघांना पैसे मिळाले, माझं बिल कधी देताय? आभार लोकांचे मानतात. घरच्यांचे मानून त्यांना लोक करू नये."

गोपाळराव त्यानंतर चाळीसहून अधिक चैत्र बोलले. आपल्या बायकोचं नाव त्यांनी पुन्हा व्यासपीठावरून घेतलं नाही.

आता त्यांच्या आभारांची एक तऱ्हा सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गोपाळराव डोळे मिटून आभार मानत. हातात कागद नाही, चिठ्ठी नाही. लोक देवापुढे स्तोत्र म्हणतात तसं, दोन्ही हात जोडून, किंचित डोलत. माननीय अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, देणगीदार, मांडव, ध्वनी, वीज, चौकीतले पोलीस, महापालिकेचे सफाई कामगार, आणि सरतेशेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्व'. ते 'माननीय अध्यक्ष' म्हणाले रे म्हणाले की खुर्च्या सरकायला लागत. 'देणगीदार' येईपर्यंत पन्ह्याची रांग अभ्यासिकेपर्यंत गेलेली असे. 'पोलीस' येईपर्यंत अध्यक्षसुद्धा रांगेत असत. बोळातले वात्रट म्हणत, "आभार डोळे मिटून मानतात ते बरंय. उघडले तर कुणाचे मानायचे हा प्रश्न पडेल."

पण एक खुर्ची भरलेली असे. दुसऱ्या रांगेत, कडेला. सत्यशीलाबाई तिथे मांडीवर पर्स घेऊन बसत. जुन्या धाटणीची काळी पर्स, तिला पितळी टिचबटण. 'ज्ञात-अज्ञात' झालं, आणि तरी गोपाळरावांचे हात जोडलेलेच राहिले, आवाज पुन्हा चढू लागला, की त्या पर्स उघडत आणि टिच् करून मिटत. त्या आवाजावर गोपाळराव डोळे उघडत, म्हणत, "आणि कार्यक्रम संपल्याचं जाहीर करतो," आणि खाली येत. खाली आले की सत्यशीलाबाई त्यांच्या हातात पन्ह्याचा पेला देत.

"तुझं?" ते विचारत.

"माझं झालं."

गोपाळराव एक घोट घेत आणि तोंड वाकडं करत. "कोमट आहे."

"असं?" सत्यशीलाबाई म्हणत. "मग मांडा की सभेत."

आणि गोपाळराव खरंच मांडत! उत्सव मंडळाच्या वार्षिक सभेत सगळे विषय झाले, चहा आला, लोक चपला शोधायला लागले की गोपाळराव उभे राहत. "एक मुद्दा राहिला. पन्हं. चैत्रात पन्हं गार असावं अशी अपेक्षा असते." दरवर्षी. लोक एकमेकांकडे बघत. त्यांनी तर दाताला कळ लागेल असं गार पन्हं प्यालेलं असे. म्हातारपणाची चव, म्हणत आणि सोडून देत. सोडत नसत त्या फक्त शकूताई अष्टपुत्रे.

शकूताई सत्यशीलाबाईंच्या समोरच्या दारात राहतात. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. शाळा सुटली, पण पाट्या सुटल्या नाहीत. त्यांच्या दारावर पाटी आहे, कुंडीला पाटी आहे, जिन्यातल्या दिव्याच्या बटणाखाली 'चालू केलेला दिवा बंदही करता येतो' अशी पाटी आहे. उत्सवाचं पन्हं त्यांच्याकडे. गूळ किती, केशर किती, वेलची किती, सगळं त्यांच्या डोक्यात. बर्फाची लादी त्या स्वतः उभं राहून फोडून घेत. आणि गोपाळरावांच्या तक्रारीला उत्तर म्हणून त्यांनी पातेल्याशेजारी पुठ्ठ्याची पाटी लावली होती : 'पन्हे गार आहे. चव घेऊन मत बनवावे. माणशी एकच पेला. दुसऱ्याच्या नावाने मागू नये.'

सभेत गोपाळराव पन्ह्याचा मुद्दा मांडत तेव्हा शकूताई सत्यशीलाबाईंकडे बघत. सत्यशीलाबाई छताकडे बघत. शकूताई ओठ आवळून बसत. जिला चारचौघांत चांगलं उत्तर देता येतं अशा बाईनं ओठ आवळावेत, याचं बोळाला नवल वाटे.

गेल्या मार्गशीर्षात सत्यशीलाबाई गेल्या.

पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं ते दुखणं पोटापुरतं नव्हतं. गोपाळराव रोज सकाळी डबा घेऊन जात, संध्याकाळी परत येत. मुलगी नीरजा वाघोलीहून येई आणि वाहतुकीत अर्धी होऊन पोचे. दवाखान्यातही गोपाळरावांची सवय सुटली नव्हती. सलाइन बदलणाऱ्या नर्सचे आभार, लादी पुसणाऱ्या मावशींचे आभार, लिफ्टमध्ये बटण दाबणाऱ्या माणसाचे आभार. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला तर त्याचेसुद्धा, उभं राहून, हात जोडून. वॉर्डातल्या पोरी हसायच्या, पण त्यांना पहिलं इंजेक्शन सत्यशीलाबाईंना द्यावंसं वाटायचं.

एका दुपारी नर्स उशी सारखी करून गेली. गोपाळराव दारापर्यंत जाऊन तिला "आभारी आहे हो बाई" म्हणून आले आणि स्टुलावर बसले. सत्यशीलाबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"सगळ्यांचे मानता हो तुम्ही," त्या म्हणाल्या.

एवढंच. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. गोपाळरावांना वाटलं, झोप लागली असेल, उठल्यावर विचारू. उठल्यावर ताप होता. दुसऱ्या दिवशी बोलणं नव्हतं.

वैकुंठ स्मशानभूमीत सगळा बोळ आला होता. तिथे गोपाळरावांनी जे केलं ते बोळानं पुढे महिनाभर एकमेकांना सांगितलं, आधी हळहळून आणि मग, खोटं कशाला बोला, थोडं हसूनही. सगळं झाल्यावर लोक हात बांधून उभे होते, कुणी काय बोलावं ते कळत नव्हतं, आणि गोपाळरावांनी डोळे मिटून हात जोडले. "आपण सर्वजण वेळात वेळ काढून आलात." पुढे शववाहिनीचा चालक, गुरुजी, शेजारी, सगळे क्रमानं. 'ज्ञात-अज्ञात' झालं. ते थांबले. कान देऊन उभे राहिले. नीरजानं येऊन त्यांचे हात खाली केले तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

'सगळ्यांचे मानता हो तुम्ही.' हे वाक्य मग त्यांच्या घरात राहायला आलं. सकाळी दूध तापवताना ते शेगडीजवळ असे, दुपारी पंख्याखाली असे. ती थट्टा होती का? तिची थट्टा अशीच असायची, तोंड सरळ ठेवून. की तक्रार होती? सगळ्यांचे मानता, माझे तेवढे नाहीत, असं? पण तिनंच तर नको म्हटलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी नको म्हटलं म्हणजे कायमचं नको, असं धरून चालणारा मी कोण शहाणा! आवक-जावकमध्ये उभा जन्म गेला आणि घरी आलेल्याची पोच दिली नाही. असं मनात आलं की दूध उतू जाई, आणि शकूताई समोरच्या दारातून ओरडत, "गोपाळराव, गॅस!"

माघात कधीतरी त्यांनी ठरवलं. चैत्रात, व्यासपीठावरून, सगळ्या बोळासमोर तिचे आभार मानायचे. तिला आवडो न आवडो. आता ती काय बोलणार आहे?

आणि नेमकं याच वर्षी आभारप्रदर्शन रद्द झालं.

मंडळाचा नवा सचिव सलिल. वाईट पोरगा नाही. कंपनीत मोठ्या पगारावर आहे, तरी बोळात राहतो आणि मांडवाच्या दोऱ्या स्वतः ओढतो. फाल्गुनातल्या सभेत त्यानं कार्यक्रम वाचून दाखवला. बक्षीससमारंभ, मग थेट पन्हं.

"मधे आभार राहिले," गोपाळराव म्हणाले.

"काका, पर्सनली घेऊ नका हं. या वर्षी आपण स्क्रीन लावतोय ना, त्यावर सगळ्यांची नावं येतील. मागे म्युझिक. लोकांना उभं राहून ऐकायचा पेशन्स नाही हो आता."

"लोक उभं राहूनच ऐकतात. पन्ह्याच्या रांगेत."

सगळे हसले. सलिलही हसला. "तेच म्हणतोय काका. तुम्ही एवढं मनापासून बोलता आणि समोर कुणी नसतं. आम्हालाच वाईट वाटतं."

"मला वाटत नाही ना पण?"

"स्क्रीनवर नावं मोठी दिसतील, काका. फोटोसकट."

"पडद्याला हात जोडता येतात का रे?"

कुणीतरी खोकलं. गोपाळराव उभे होते ते खाली बसेनात. ते सहसा कुणाकडे काही मागत नसत. मागायचं कसं हे त्यांना धड येतही नव्हतं.

"दोन मिनिटं द्या," ते म्हणाले. "यंदापुरती. पुढच्या वर्षी लावा तुमचा पडदा. यंदा मला एक नाव जास्तीचं घ्यायचंय."

कुठलं नाव, हे कुणी विचारलं नाही. मग कोपऱ्यातून शकूताई म्हणाल्या, "दे रे त्यांना दोन मिनिटं. मला पन्हं गाळायला तेवढी लागतातच."

तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ उकाड्याची होती. मांडवाला कडुलिंबाचे डहाळे लावले होते, त्यांचा मोहोर खुर्च्यांवर पडत होता. गौर झोपाळ्यात बसली होती, तिच्यापुढे कलिंगडाची कमळं कापून ठेवली होती, त्यातलं एक अभ्यासिकेतल्या कुणीतरी खाल्लं असा वहीम होता. बायका भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरत होत्या. गोपाळराव इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. ती खुर्ची त्यांनी मुद्दाम घेतली, मागे बघावं लागू नये म्हणून.

मागे त्यांनी बघितलं असतं तर शकूताईंच्या पातेल्याशेजारी नवी पाटी दिसली असती. ओल्या शाईची. 'आभार संपेपर्यंत पन्हे मिळणार नाही.'

सलिलनं नाव पुकारलं. गोपाळराव चढले, माइक तोंडाशी ओढला, हात जोडले, डोळे मिटले.

"माननीय अध्यक्ष."

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला नाही. त्यांना वाटलं, आपल्या कानांचं काहीतरी बिघडलं. प्रमुख पाहुणे झाले, देणगीदार झाले. मांडवाबद्दल कोंडीराम आणि त्याच्या माणसांचे मानले. ध्वनी, वीज, पोलीस, सफाई कामगार. सगळं स्तोत्रासारखं ओठांवर येत होतं आणि आतून ते वेगळंच काही जुळवत होते. तिला कुठे घ्यायचं? अध्यक्षांच्या आधी घेतलं तर म्हणाली असती, काय हा आगाऊपणा. देणगीदारांनंतर? मी काय देणगी दिली? मांडवानंतर तर प्रश्नच नव्हता. शेवटी घेऊ, अगदी शेवटी, असं म्हणत ते शेवटाशी आले.

"आणि ज्ञात-अज्ञात सर्व."

इथे ते थांबले. दरवर्षी इथे एक आवाज येत असे.

आवाज आला नाही. मग गोपाळराव बोलतच राहिले. "ज्यांनी आपल्या स्कुटरी तीन दिवस दुसरीकडे लावल्या, त्यांचे." मागे कुणीतरी हसलं. "दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळींनी धुणं मांडवावर वाळत घातलं नाही, त्यांचे. घातलं त्यांनी पिळून घातलं, त्यांचेही." हशा वाढला. "दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाण्याच्या दिवशी मशीन बंद ठेवलं. कोपऱ्यावरचं कुत्रं व्याख्यानात भुंकलं नाही. वारा सुटला नाही. कडुलिंबानं मोहोर दिला." आता हसणं कमी कमी होत गेलं. ज्या बोळानं या माणसाच्या आभारांतून पळ काढण्यात उभी हयात घालवली होती तो बोळ गप्प बसून ऐकत होता, आणि माणूस काही थांबत नव्हता. लोकांना कळून चुकलं होतं की तो का थांबत नाही. थांबवणार कोण, हे मात्र कुणाला कळेना.

गोपाळरावांनी डोळे उघडले.

सगळे होते. सगळ्या खुर्च्या, सगळी तोंडं, त्यांच्याकडेच बघणारी. एवढे लोक त्यांनी व्यासपीठावरून कधी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची तेवढी कुणी घेतली नव्हती. तिच्यावर मोहोर पडला होता.

"आणि एक," ते म्हणाले.

पुढे शब्द येईना. नाव जिभेवर होतं. पण ते घेतलं की ती त्या पंक्तीत जाऊन बसणार होती, स्कुटरवाल्यांच्या आणि डॉक्टरांच्या आणि कुत्र्याच्या मागे. आणि आभार झाले की लोक उठतात, मांडव सुटतो. त्यांच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

"आणि एक," ते पुन्हा म्हणाले. सलिलनं मान खाली घातली.

"गोपाळराव," मागून शकूताईंचा वर्गातला आवाज आला, "बर्फ वितळतोय."

"एक नाव राहिलंय, शकूताई."

"राहू द्या. तिचं काही अडत नाही त्यावाचून."

गोपाळरावांनी पुन्हा हात जोडले. मग म्हणाले, "कार्यक्रम संपल्याचं जाहीर करतो," आणि कठडा धरून खाली आले.

लोक उठले, पण पातेल्याकडे कुणी धावलं नाही. बोळाच्या इतिहासात प्रथमच पन्ह्याच्या रांगेत माणसं एकमेकांना 'तुम्ही आधी' म्हणत होती. सलिल गोपाळरावांना हात धरून रांगेच्या पुढे घेऊन गेला. शकूताईंनी डावानं ढवळून पेला भरला.

"घ्या."

गोपाळरावांनी घेतला आणि दचकले. एक घोट प्याले. पुन्हा पेल्याकडे बघितलं.

"गार आहे."

"पाटी आहे तशी."

"नाही, पण यंदा बर्फ जास्त घातलात का?"

"बर्फ तेवढाच. लादी तेवढीच, बर्फवाला तोच." शकूताईंनी डाव पातेल्यात ठेवून दिला. मागच्या बाईला हातानंच थांबवलं. "पन्हं दरवर्षी असंच असतं. तुमचंच तेवढं कोमट असायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तुमचं होईपर्यंत माझं पातेलं रिकामं. थेंब राहायचा नाही. तुम्ही डोळे मिटून अध्यक्षांना धरलंत की ती उठायची. रांगेत पहिली. आपला पेला घ्यायची आणि जाऊन बसायची, पदराखाली धरून. तुमचे पोलीस झाले, वीज झाली, ज्ञात-अज्ञात झालं, तोपर्यंत ती धरून बसलेली. चैत्राचा उकाडा. गार राहील कसं?"



"आणि तिचं?" गोपाळरावांनी विचारलं.

शकूताईंनी पहिल्यांदाच नजर वळवली. पाटी त्यांच्या कोपराशीच होती. "माणशी एकच," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं हो तिला. दरवर्षी म्हणायचे, घे गं आणखी एक, मी बघत नाही. तर म्हणायची, नियम तुझाच ना? मग तूच मोडू नकोस."

"माझं झालं म्हणायची ती मला."

"म्हणणारच."

"आणि मी सभेत... शकूताई, इतकी वर्षं मी तुमच्या पन्ह्याला नावं ठेवली, तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, बोललीस तर त्यांना कळेल, आणि कळलं तर स्टेजवरून आभार मानतील."

गोपाळराव हसले. खरंच हसले, खांदे हलवून, अगदी सभेत कधी हसत नसत तसे. मग ते हसू कुठेतरी अडलं आणि खांदे नुसतेच हलत राहिले. शकूताईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि मागच्या बाईवर ओरडल्या, "पेला पुढे करा की! मुहूर्त बघताय का?"

गोपाळराव हळूहळू चालत दुसऱ्या रांगेकडे गेले. कडेच्या खुर्चीवरचा मोहोर त्यांनी हातानं झटकला आणि तिथे बसले. तिथून व्यासपीठ बरंच उंच दिसत होतं. तिथे हात जोडून उभा असलेला माणूस इथून कसा दिसत असेल, हे त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. पेला त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला. बाहेरून थेंब सुटले होते, ते बोटांवरून खाली ओघळत होते. ते प्याले नाहीत.

डाळ संपली, पन्हंही संपलं. पोरांनी कलिंगडाची कमळं पळवली. बायकांनी गौर उचलून आत नेली. सलिल पडदा गुंडाळत होता; गुंडाळता गुंडाळता मधूनच इकडे बघत होता, पण आला नाही. कोंडीराम आणि त्याची माणसं मागच्या रांगेपासून खुर्च्या गोळा करत पुढे आली.

"काका, खुर्ची घेऊ का?" कोंडीरामनं विचारलं.

गोपाळरावांनी पेल्याला गाल लावून बघितला.

"थांब जरा," ते म्हणाले. "गार आहे अजून."

कोंडीरामला काही उमगलं नाही. त्यानं बाकीच्या खुर्च्या उचलल्या. ती एक ठेवली, आणि तिच्या शेजारची एक.